कनेक्टिंग फ्लाइटमध्ये बॅग मागे राहणे किंवा पुढचे विमान चुकणे : कारणे आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. पहिले विमान थोडे उशिरा उतरते, प्रवासी धावपळ करत पुढचे विमान गाठतो, शेवटच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यासमोर येऊन उभा राहतो, आणि बाकीच्यांच्या बॅगा निघून गेल्या तरी त्याची बॅग काही येत नाही. दुसरी तक्रार हिच्या उलट असते : मधल्या विमानतळावर बॅग घेण्यासाठी बाहेर पडावे लागले, ती हाती यायला वेळ लागला आणि तेवढ्यात पुढचे विमान गेले. विमानतळांना माहिती-यंत्रणा पुरवणाऱ्या सीटा या कंपनीच्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगभरात दर हजार प्रवाशांमागे ६.९ बॅगा उशिरा पोहोचल्या, हरवल्या किंवा खराब झाल्या. उशिरा पोहोचलेल्यांपैकी ४६ टक्के बॅगा विमान बदलण्याच्या टप्प्यावर अडकल्या होत्या. थेट विमानाने जाणाऱ्यापेक्षा मध्ये विमान बदलणाऱ्याला ही अडचण का जास्त येते, हे यावरून लक्षात येईल.

अडचण सोडवताना एक गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवावी, ती अशी की प्रवाशाचे पुढचे विमान गाठणे आणि त्याच्या बॅगेने पुढचे विमान गाठणे या दोन स्वतंत्र घटना आहेत. प्रवासी धावू शकतो, रांगेत पुढे सोडण्याची विनंती करू शकतो, दार बंद व्हायच्या बेतात असताना आत शिरू शकतो. बॅगेला यांतले काहीच जमत नाही. ती पहिल्या विमानातून उतरवली जाते, गाडीने वर्गीकरणाच्या पट्ट्यापर्यंत येते, तेथे स्कॅनर तिचा टॅग वाचतो, त्या क्रमांकाचा संदेश, म्हणजे बॅग पुढे कोणत्या विमानात जायची याची नोंद, यंत्रणेत सापडला तर ती पुढच्या विमानाच्या दिशेने वळवली जाते आणि सापडला नाही तर हाताने तपासण्यासाठी बाजूला काढली जाते. यातील एकही टप्पा प्रवाशाच्या हातात नाही. त्याच्या हातात आहे ते तिकीट काढतानाचा निर्णय, पहिल्या काउंटरवरची काही मिनिटे आणि काही बिघडलेच तर त्यानंतर लगेच उचललेली पावले.

सर्वांत आधी तपासायचे : तिकीट एक आहे की दोन

माझ्या मते निम्म्याहून अधिक गोंधळाचे मूळ येथेच आहे, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. ऑनलाइन तिकीट काढताना पडद्यावर पूर्ण प्रवास एकाच ओळीत दिसतो, पैसे एकदाच भरले जातात, बुकिंग क्रमांकही एकच येतो. त्यामुळे तिकीटही एकच असणार, असा समज होतो. प्रत्यक्षात काही संकेतस्थळे दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे एकत्र करून विकतात आणि बारीक अक्षरांत सेल्फ ट्रान्सफर, म्हणजे मधला बदल प्रवाशाने स्वतःच्या जबाबदारीवर करायचा, असा उल्लेख करतात. हे तपासण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ई-तिकिटाचा १३ अंकी क्रमांक पाहणे. त्यातील पहिले तीन अंक तिकीट देणाऱ्या विमान कंपनीचे असतात. उदाहरणार्थ, १७६ म्हणजे एमिरेट्स, १५७ म्हणजे कतार एअरवेज, २२० म्हणजे लुफ्थान्सा. जातानाच्या सर्व टप्प्यांसमोर एकच तिकीट क्रमांक असेल, तर मधल्या टप्प्याचे विमान दुसऱ्या कंपनीचे असले तरी तिकीट एकच आहे. टप्प्यागणिक क्रमांक बदलत असेल आणि त्याचे पहिले तीन अंकही वेगळे असतील, तर ती दोन तिकिटे आहेत, मग बुकिंग कितीही एकत्र दिसो. काही स्वस्त विमान कंपन्या असा १३ अंकी क्रमांक देतच नाहीत. एखाद्या टप्प्याला तो क्रमांक नसणे हीदेखील सूचनाच समजावी.

हा फरक कागदोपत्री नाही. एका तिकिटावर पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले, तर पुढच्या उपलब्ध विमानात जागा देण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाखाली येणाऱ्या प्रवासात, एकाच बुकिंगवरच्या प्रवाशाला अंतिम ठिकाणी तीन तास किंवा त्याहून अधिक उशीर झाला आणि कारण कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचे नसले, तर अंतरानुसार २५० ते ६०० युरोपर्यंत भरपाईही मागता येते. दोन तिकिटे असतील तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने प्रवासी केवळ वेळेवर आलेला नाही. त्याचे पहिले विमान कोठे अडकले, याच्याशी तिला कर्तव्य नसते, आणि बहुधा नवे तिकीट पदरचे पैसे घालून काढावे लागते.

सामानाच्या बाबतीत दोन तिकिटांचा परिणाम आणखी दूरवर जातो. बॅग मधल्या विमानतळावर घेऊन पुन्हा चेक-इन करावी लागते. बॅग घ्यायची म्हणजे इमिग्रेशन ओलांडून त्या देशात प्रवेश करायचा, आणि प्रवेश करायचा म्हणजे व्हिसा लागतो. नुसते विमान बदलण्यासाठी ज्या देशाचा व्हिसा लागत नाही, तेथेही बॅग घेण्यासाठी तो लागू शकतो. हे लक्षात न आल्याने पहिल्याच काउंटरवर प्रवाशांना विमानात बसू दिले जात नाही, असे प्रसंग घडतात. शिवाय वजनाची मर्यादा प्रत्येक तिकिटाची वेगळी असते. पहिल्या कंपनीने २३ किलोची बॅग विनाशुल्क घेतली आणि दुसरीच्या तिकिटात १५ किलोच असले, तर उरलेल्या वजनाचे शुल्क ऐनवेळी, विमानतळावरच्या चढ्या दराने भरावे लागते. केबिन बॅगेच्या मापालाही हेच लागू आहे. म्हणून वेगळ्या तिकिटांवर जायचेच असेल, तर सर्वांत कडक मर्यादा ज्या कंपनीची, तीच संपूर्ण प्रवासाची मर्यादा मानून सामान भरावे. शक्य असल्यास फक्त केबिन बॅग न्यावी, म्हणजे यातील अर्धे प्रश्न उद्भवतच नाहीत.

काउंटरवर टॅग वाचून घेणे

बॅगेला टॅग लावला जातो तेव्हा बहुतेक प्रवाशांचे लक्ष वजनाच्या आकड्याकडे असते. ते टॅगकडे असायला हवे. त्या लांब पट्टीवर तीन अक्षरांचा एक मोठा कोड छापलेला असतो; हा बॅगेच्या अंतिम विमानतळाचा कोड. त्याच्याजवळ लहान अक्षरांत मधल्या विमानतळांचे कोड आणि विमानांचे क्रमांक असतात. बारकोडसोबत दहा अंकी क्रमांक असतो, ज्यात दुसऱ्या ते चौथ्या अंकांत कंपनीचा कोड आणि शेवटच्या सहा अंकांत त्या बॅगेचा अनुक्रमांक असतो. हाच क्रमांक प्रवाशाला दिलेल्या छोट्या पावतीवर येतो. बॅग पट्ट्यावरून पुढे सरकण्यापूर्वी एवढेच पाहावे : मोठा कोड आपल्या शेवटच्या मुक्कामाचा आहे ना, आणि मधला प्रत्येक थांबा व पुढच्या विमानाचा क्रमांक बरोबर आहे ना. मोठा कोड मधल्या विमानतळाचा असेल तर बॅग तेथेच बाहेर येणार, आणि हे तेथे पोहोचल्यावर कळण्यापेक्षा आत्ताच कळलेले बरे.

सोबत काउंटरवर थेट विचारावे की बॅग शेवटपर्यंत जाणार आहे की मध्ये घ्यावी लागेल. पुढच्या टप्प्याचा बोर्डिंग पास मिळाला नाही म्हणजे बॅगही मध्येच थांबणार, असा अर्थ होत नाही. कधी कधी बॅग शेवटपर्यंत टॅग केलेली असते आणि केवळ बोर्डिंग पास मधल्या विमानतळावरील ट्रान्स्फर डेस्कवर, म्हणजे विमान बदलणाऱ्यांसाठीच्या काउंटरवर, घ्यायचा असतो. उलटही घडते. म्हणून हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

जुने टॅग आणि बॅगेच्या कडेला चिकटवलेले बारकोडचे लहान तुकडे आधीच काढून टाकावेत. मुख्य टॅग फाटला तर उपयोगी पडावेत म्हणून हे तुकडे लावलेले असतात, पण मागच्या प्रवासाचा तुकडा राहून गेला तर स्कॅनर तोच वाचू शकतो आणि बॅग हाताने तपासायच्या रांगेत जाते. लहान थांब्यात तेवढा उशीर बॅग मागे राहण्यास पुरेसा असतो. बॅगेच्या आत वरच्या बाजूला नाव, फोन क्रमांक आणि मुक्कामाचा पत्ता लिहिलेला कागद ठेवावा, कारण बाहेरचा टॅग निघून गेल्यावर बॅगेचा मालक शोधण्यासाठी ती उघडूनच पाहिली जाते. बॅगेचे बाहेरून आणि आतील सामानाचे एकेक छायाचित्र काढून ठेवणे हे माझ्या दृष्टीने विम्याइतकेच महत्त्वाचे आहे.

थांबा किती असावा

प्रत्येक विमानतळासाठी किमान जोडणी-वेळ ठरवलेली असते आणि एका तिकिटावर तिच्यापेक्षा कमी वेळेची जोडणी विकली जात नाही. व्हिएन्नासारख्या आटोपशीर विमानतळावर ती अर्ध्या तासाच्याही आत असते, तर अनेक टर्मिनलांच्या विमानतळांवर दीड तासापर्यंत जाते. मात्र सर्व काही वेळेवर चालले तरच ही किमान वेळ पुरते. पहिले विमान वीस मिनिटे उशिरा आले तर प्रवासी कदाचित निभावून नेईल. त्याची बॅग निभावेलच असे नाही. त्यामुळे तिकीट विकले जात आहे म्हणजे थांबा पुरेसा आहे, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. एका तिकिटावर आणि मध्ये इमिग्रेशन नसताना मी दोन तासांच्या खाली जाऊ नये असे सुचवेन. त्या दिवशी त्या मार्गावर पुढे आणखी विमान नसेल, तर त्याहून जास्त वेळ हाताशी ठेवावा.

वेगळ्या तिकिटांवर हिशेब पूर्ण बदलतो, कारण तेथे खरी मर्यादा विमान सुटण्याची नसून सामान स्वीकारणे बंद होण्याची असते. समजा, पहिले विमान १० वाजता उतरते आणि दुसरे १३ वाजता सुटते. कागदावर हे तीन तास आहेत. आंतरराष्ट्रीय विमानासाठी सामान घेणे अनेक कंपन्या एक तास आधी थांबवतात, म्हणजे हातात उरले दोन तास. विमानातून बाहेर पडण्यास वीस मिनिटे, इमिग्रेशनच्या रांगेत पाऊण तास, बॅग येईपर्यंत आणखी वीस-पंचवीस मिनिटे, टर्मिनल बदलण्यास तितकीच. ही बेरीज दोन तासांच्या अगदी जवळ जाते आणि यात विमान वेळेवर आले असे गृहीत धरले आहे. अशा प्रवासात पाच-सहा तासांचा थांबा ठेवावा किंवा सरळ एक रात्र मुक्काम करावा, असे मला वाटते.

शहर एक आणि विमानतळ दोन, ही गोष्टही तिकीट काढताना नजरेतून सुटते. लंडनला हीथ्रोवर उतरून गॅटविकहून पुढे जायचे, टोकियोला नारितावर उतरून हानेदाहून निघायचे, पॅरिसमध्ये शार्ल द गॉलवरून ऑर्लीला जायचे, असे प्रवास एकाच तिकिटावरही विकले जातात. येथे बॅग घ्यावीच लागते, देशात प्रवेश करावाच लागतो आणि शहराच्या वाहतुकीवर अवलंबून राहावे लागते.

थांबा खूप मोठा असला तरी वेगळा प्रश्न उभा राहतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात २४ तासांपेक्षा जास्त थांबा हा साधारणपणे मुक्काम मानला जातो आणि तेथे बॅग हाती मिळते. त्यापेक्षा कमी वेळाच्या, रात्रभराच्या थांब्यात बॅग बहुधा यंत्रणेतच राहते. अशा वेळी रात्रीची औषधे आणि एक कपड्यांचा जोड केबिन बॅगेत असायला हवा.

बॅग शेवटपर्यंत टॅग असूनही मध्ये घ्यावी लागते तेव्हा

अमेरिका हे याचे ठळक उदाहरण. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला अमेरिकेतील पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन आणि कस्टम्स पूर्ण करावे लागते, आणि पुढे देशांतर्गत विमान असले, तिकीट एकच असले, टॅगवर शेवटच्या शहराचा कोड असला, तरी बॅग पट्ट्यावरून स्वतः उचलून कस्टम्स ओलांडल्यावर पुन्हा जमा करावी लागते. निवडक मार्गांवर ही अट शिथिल करण्याचे प्रयोग सुरू झाले आहेत, म्हणून आपल्या मार्गाबद्दल काउंटरवर विचारून घ्यावे. डब्लिन, शॅनन, अबू धाबी आणि कॅनडातील अनेक मोठ्या विमानतळांवर अमेरिकेची तपासणी निघण्यापूर्वीच होते. तेथून येणारा प्रवासी अमेरिकेत देशांतर्गत प्रवाशासारखा उतरतो.

ही बॅग पुन्हा जमा करण्याची जागा कस्टम्सच्या दारातून बाहेर पडताच समोर असते. नव्याने चेक-इनची रांग नसते. टॅग तोच चालतो, कर्मचारी तो पाहतात आणि बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगतात. ही जागा न पाहता बॅग ओढत बाहेर गेलेल्या प्रवाशाला चेक-इन काउंटरची मोठी रांग लावावी लागते. या टप्प्याचा एक फायदाही आहे. आधीच्या विमानतळावर ड्यूटी-फ्री दुकानातून घेतलेल्या १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटल्या पुढच्या सिक्युरिटी चेकमध्ये अडू शकतात. बॅग हातात असताना त्या कपड्यांत गुंडाळून आत ठेवाव्यात. ज्या विमानतळांवर बॅग हाती येत नाही पण विमान बदलताना सिक्युरिटी पुन्हा होते, तेथे ही सोय नसते. तेथे दुकानाने सीलबंद केलेली पारदर्शक पिशवी आणि आतली पावती शेवटपर्यंत जशीच्या तशी ठेवणे एवढेच करता येते.

केबिन बॅग ऐनवेळी खाली गेली तर

पुढचे विमान लहान असेल किंवा वरचे कप्पे भरले असतील, तर गेटवर केबिन बॅग काढून घेतात. ती देण्यापूर्वी पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या बाहेर काढणे बंधनकारक आहे, कारण त्या विमानाच्या सामानकक्षात ठेवता येत नाहीत. पासपोर्ट, औषधे, चाव्या आणि लॅपटॉपही काढून घ्यावेत. ही सारी एका छोट्या पिशवीत आधीच वेगळी बांधलेली असली, तर गेटवर ती उचलणे क्षणाचे काम होते. बॅग विमानाच्या दारातच परत मिळणार की शेवटच्या पट्ट्यावर, हेही तेव्हाच विचारावे. अनेकांना हे ठाऊक नसते आणि ते दारात वाट पाहत बसतात.

पहिले विमान उशिरा उतरत आहे असे दिसले तर

विमानात असतानाच कर्मचाऱ्यांना पुढच्या विमानाचा क्रमांक सांगावा. पुष्कळदा जमिनीवरच्या चमूला आधीच कल्पना असते आणि दारात कोणीतरी उभे असते. उतरल्यावर बाहेर जाण्याच्या खुणा सोडून ट्रान्स्फरच्या खुणांमागे जावे, कारण चुकून इमिग्रेशनच्या पलीकडे गेल्यावर परत येणे वेळखाऊ होते. विमान चुकलेच तर ट्रान्स्फर डेस्कच्या रांगेत उभे राहूनच कंपनीच्या ॲपवर किंवा फोनवर पर्याय शोधावेत. एका विमानाचे शेकडो प्रवासी एकाच वेळी त्या रांगेत येतात आणि जागा भराभर संपतात.

नवे विमान मिळाल्यावर एक काम हमखास राहते. प्रवासी नवा बोर्डिंग पास घेऊन निघतो आणि बॅग जुन्या विमानाच्याच नोंदीवर राहते. डेस्कवर सामानाची पावती दाखवून, हा टॅग नव्या विमानाशी जोडला का, असे स्पष्ट विचारावे आणि मार्ग बदलला असेल तर ते नक्की करून घ्यावे. यामागे सुरक्षेचा नियमही आहे. डिसेंबर १९८८ मध्ये स्कॉटलंडमधील लॉकर्बी गावावर एका प्रवासी विमानात झालेल्या स्फोटात बाँब असलेली बॅग प्रवाशाविना विमानात चढली होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय उड्डाणांत प्रवासी आणि बॅग यांची जुळवणी अधिक काटेकोर झाली. प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग उतरवली जाते. कंपनीच्या हातून मागे राहिलेली बॅग मात्र वेगळी तपासणी करून नंतरच्या विमानाने पाठवता येते. म्हणून बॅग चढली की नाही या काळजीपोटी पुढचे विमान सोडू नये. आपण पुढे गेल्यास बॅग मागाहून येते. आपण मागे राहिल्यास दोघांचेही वेळापत्रक कोलमडते.

बॅग आलीच नाही तर

सामानाच्या दालनातून बाहेर पडण्याआधी तक्रार नोंदवावी, घरी जाऊन नाही. शेवटच्या टप्प्याच्या कंपनीच्या काउंटरवर पीआयआर (प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट) नावाचा सामानाच्या तक्रारीचा अहवाल भरला जातो आणि दहा अक्षरांचा संदर्भ क्रमांक मिळतो : विमानतळाची तीन अक्षरे, कंपनीची दोन आणि पाच अंक. या क्रमांकावरून वर्ल्डट्रेसर या यंत्रणेत बॅगेचा शोध पाहता येतो. बॅगेचा रंग, आकार, कंपनी आणि आतल्या ओळखू येणाऱ्या दोन-तीन वस्तू नेमक्या सांगाव्यात. काळी, मध्यम आकाराची, चाकांची बॅग एवढ्या वर्णनात असंख्य बॅगा बसतात.

मुदतींबाबत मॉन्ट्रियल कराराचे, म्हणजे विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचे, नियम बहुतेक आंतरराष्ट्रीय प्रवासांना लागू होतात. बॅग खराब झाली असेल तर ती मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. बॅग यायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवस उलटले तर ती हरवली असे धरून दावा करता येतो, आणि न्यायालयात जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून सामानासाठी भरपाईची कमाल मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. ही कमाल मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे. त्यामुळे बॅग येईपर्यंत घेतलेल्या कपड्यांच्या आणि आवश्यक वस्तूंच्या पावत्या जपून ठेवाव्यात. बॅगेत याहून मौल्यवान काही असेल, तर चेक-इनच्या वेळी विशेष मूल्य घोषित करून जादा शुल्क भरण्याची तरतूद त्याच करारात आहे, पण अशी वस्तू हातातल्या बॅगेत नेणे मला अधिक योग्य वाटते.

प्रवासात अनेक कंपन्या असल्या की एक कंपनी दुसरीकडे बोट दाखवते. करारानुसार सामानाच्या बाबतीत प्रवासी पहिल्या कंपनीवर, शेवटच्या कंपनीवर आणि ज्या टप्प्यात नुकसान वा उशीर झाला त्या कंपनीवर दावा करू शकतो आणि त्यांची प्रवाशाप्रति जबाबदारी संयुक्त असते. तरी व्यवहारात जिच्याकडे अहवाल भरला, त्या शेवटच्या कंपनीशीच सर्व पत्रव्यवहार चालू ठेवल्यास काम लवकर होते. अहवालात एकच पत्ता देऊन थांबू नये. पुढचे काही दिवस कोणत्या तारखेला कोठे असणार, ते तारखेनिहाय लिहून द्यावे, आणि परतीच्या दिवसापर्यंत बॅग मिळण्याची शक्यता नसेल तर त्या तारखेनंतरचा घरचा पत्ताही त्याच अहवालात नोंदवून घ्यावा, म्हणजे प्रवासी निघून गेल्यावर बॅग जुन्या मुक्कामी पोहोचवली जात नाही.